टोळी बदलली की संघ बदलतो

कोल्हापूरच्या बाहेर फुटबॉल असतो यावर माझा फारसा विश्वास नाही. त्यामुळे दसरा उलटल्यावर नगरला बहिणीकडे निघालो तेव्हा मॅचचा विचारही डोक्यात नव्हता. सावेडीत तिच्या घरी पहिला चहा घेतोय तोच दाजी म्हणाले की उद्या तिसगावच्या पुढे एका वाडीत फुटबॉल आहे, येता का. मी पेठेत वाढलेला माणूस. आमच्याकडे कोण कुठल्या संघाचा हे पाळण्यातच ठरतं. मी हसलो, ते जरा जास्तच.

दाजींचं जळालेल्या विजेच्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचं दुकान आहे. वाडीतला पिठाच्या गिरणीचा मालक त्यांचं जुनं गिऱ्हाईक, त्यामुळे जेवण त्याच्याकडे होतं. सकाळी स्कूटरवरून निघालो आणि करंजी घाटाच्या अलीकडेच चाक बसलं. पंक्चरवाला कुणाच्या तरी साखरपुड्याला गेला होता. तो आला तेव्हा अकरा वाजले होते आणि साखरपुड्यातला लाडू त्याच्या हातात होता.

घाटापुढे काढलेल्या बाजरीची रानं आणि मध्येच तुरीचे पट्टे. गिरणीवाल्याकडे शेंगोळे (कुळथाच्या पिठाच्या वळ्या, लसणाच्या तिखट रश्श्यात शिजवलेल्या) होते. कोल्हापूरचा माणूस तिखटाला घाबरत नाही, असं मी म्हणालो आणि तीन तांबे पाणी प्यायलो.

जेवताना गिरणीवाल्याने सगळं समजावलं. वाडीतली बहुतेक घरं दसऱ्यानंतर पाच महिने ऊसतोडीला जातात. टोळ्या दोन, मुकादमही दोन. एक टोळी कोल्हापूरकडे जाते, दुसरी कर्नाटकात. कोल्हापूरवाल्यांनी आमच्याकडे मॅच बघितल्या आणि खेळ गावी आणला. पुढच्याच वर्षी कर्नाटकवाल्यांनीही संघ काढला. खेळाची आवड म्हणून नव्हे, त्यांना हरवायला. कोल्हापूरवाले पिवळे, कर्नाटकवाले तांबडे. ट्रक निघायच्या आदल्या दिवशी एकच मॅच. माणूस ज्या टोळीबरोबर जाणार, ती त्याची बाजू. टोळी बदलली की संघ बदलतो.

ही कसली निष्ठा, असं मी त्याला ऐकवलं. त्याने शांतपणे आणखी शेंगोळे वाढले. पंच तोच होता, कारण दोन्ही टोळ्यांना दळण त्याच्याकडेच टाकावं लागतं.

माळावर बांबूचे गोलपोस्ट आणि त्यांना कांद्याच्या गोण्या उसवून केलेली जाळी. शिरताच एका बाईने विचारलं, "कुनाच्या टोळीचे?" कुणाचाच नाही हे उत्तर तिथे चालत नव्हतं. कोल्हापूरचा म्हटल्यावर तिने मला पिवळ्यांत नेऊन बसवलं, अगदी कडेला, एका पन्नाशीच्या माणसाशेजारी. त्याचं नाव बबन. मांडीवर हलगी होती, पण अंग चोरून बसला होता. गेली पंधरा वर्षं तो तांबड्यांसाठी हलगी वाजवत आला होता. यंदा त्याने टोळी बदलली होती, आणि सगळा माळ मॅचपेक्षा त्याच्याकडेच बघत होता. बबनने नुसती हलगी वाजवायची नव्हती, पाच महिने ज्यांच्यात राहायचं त्यांना आपलंसं करायचं होतं.

पिवळ्यांचा पहिला गोल झाला. बबनने हलगी वाजवली, पण सरकारी कार्यक्रमात टाळ्या वाजवतात तशी. मग तांबड्यांनी बरोबरी केली. शेवटी शेवटी तांबड्यांचा एक पोरगा चौघांना चुकवून आत घुसला, चेंडू गोणीत गेला, आणि माझ्या कानाशी हलगी कडाडली. असली हलगी मी आमच्या मैदानावरही ऐकलेली नाही.

बबनचा हात हवेतच थांबला. समोरून तांबडे हसत सुटले. आमच्या बाजूला मात्र कुणी हसलं नाही. मागून एकाने म्हटलं की याला तिकडंच पाठवा. पिवळ्यांचा मुकादम उठून आला आणि बबनसमोर उभा राहिला. मला उगाचच अपराध्यासारखं वाटलं.

"पंधरा वरसाची सवय हाय, मुकादम," बबन खाली बघत म्हणाला. "मन हिकडं हाय, हातालाच कळलं न्हाई."

मुकादमाने त्याच्या मांडीवरची हलगी उचलली, मागे बसलेल्या एका पोरीच्या हातात दिली आणि म्हणाला, "उद्या सकाळी सहाला ट्रक हाय. येळंवर या." बस्स, एवढंच. मॅच पिवळे हरले.

ती पोरगी बबनची लेक होती, आणि पोट चांगलंच दिसत होतं. माणसं उठल्यावर मी माझा आवडता प्रश्न विचारला, की इतक्या वर्षांचा संघ सोडताना काहीच वाटलं नाही का.

"वाटलं की. लई वाटलं," बबन म्हणाला. "पन तिचं सासर ह्या टोळीत हाय. सातवा लागलाय तिला. तिथं फडात तिच्याजवळ कोन हाय? संघ काय, पुढल्या साली बी खेळल."

सातव्या महिन्यात ही पोर ऊस तोडायला निघाली होती. आमच्याच जिल्ह्यात.

दोन दिवसांनी पेठेत परतलो. कट्ट्यावर वाडीच्या मॅचची हकीकत रंगवून सांगितली, लोक हसले. मग एकजण म्हणाला, आता तुझा तो किस्सा होऊन जाऊ दे. किस्सा असा, की माझी मुलगी जन्मली तेव्हा मी फायनल बघत होतो, आणि निरोप घेऊन आलेल्या मेव्हण्याला मॅच संपेपर्यंत शेजारी बसवून ठेवलं होतं. निष्ठेचा नमुना म्हणून मी तो इतकी वर्षं सांगत आलोय. आज नको म्हटलं आणि उठलो. घरी जाताना रस्त्यातूनच पुण्याला मुलीला फोन लावला.

"काय झालं बाबा?" ती म्हणाली. "आज मॅच नाही काय?"