आप्पांच्या हातचं चॉकलेट

आप्पांना गरम वस्तूचं भय नव्हतं. नुकती तव्यावरून उतरलेली भाकरी ते थेट हातात घेत आणि चहाचा पेला काठाला न धरता पोटाला धरत. बेळगावच्या एका फौंड्रीत साच्यांमध्ये वितळलेलं लोखंड ओतण्यात त्यांची उभी हयात गेली होती. मनगटापासून कोपरापर्यंत ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग होते. मी त्यांची पुतणी. कॉलेजसाठी नंदगडहून त्यांच्या घरी राहायला आले आणि नोकरी लागल्यावरही तिथेच राहिले. त्यांना मूलबाळ नव्हतं.

एवढ्या आगीत वावरलेल्या माणसानं स्वयंपाकघराचा उंबरा मात्र कधी ओलांडला नव्हता. तो मुलूख थोरल्या आईचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा. तिच्या हातचा कुंदा आमच्या गल्लीत नावाजलेला होता. दूध आटवायचं, दही घालून ते फोडायचं आणि साखरेसकट तांबूस होईपर्यंत परतत राहायचं. आप्पा बाहेर सोप्यात बसून वास घेत आणि मोठ्यानं म्हणत, "आता उतरीव!" आतून उत्तर यायचं, "कळतंय मला!" त्यांच्या संसारातलं प्रेमाचं बोलणं मी ऐकलं ते एवढंच.

एका सकाळी दूध तापवताना थोरली आई ओट्यापाशी कोसळली. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली, वाचा गेली, गिळणंही अवघड झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं की ताठ बसवून, मऊ आणि थोडं थोडंच द्यायचं. आम्ही पेज केली, गाळलेलं वरण केलं, केळं घोटून दिलं. ती तोंड फिरवायची. ठसक्याची भीती होतीच, पण खरं म्हणजे तिला आता खायचंच नव्हतं. आप्पा वाटी घेऊन समोर बसत. "आगं, एवढं घे की. माझ्यासाठी घे." ती भिंतीकडे बघत राही. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या होत्या.

त्या दिवसांत ऑफिसात कुणाच्या तरी बढतीचं चॉकलेट वाटलं गेलं. माझ्या वाट्याचं मी घरी आणलं. डॉक्टरांना फोन करून विचारलं, तर नखाएवढा तुकडा देऊन बघा म्हणाले. मी तो तिच्या जिभेवर ठेवला. बराच वेळ काही झालं नाही. मग तिचा घसा हलला आणि तिनं पुन्हा तोंड उघडलं. आप्पा दारात उभे होते. ते आत आले, माझ्या हातातला कागद उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाले, "हे घरात करता येतंय काय गं?"

बाजारातल्या चॉकलेटांत कशात दाणे, कशात बिस्किटाचा चुरा. "तिला खुपंल असलं काय नको," म्हणून आप्पांनी साध्या चॉकलेटची लादी आणायला लावली. उकळत्या पाण्यावर वाडगं ठेवून ती वितळवायची, हे मी मोबाइलवर बघून सांगत होते. पहिल्याच वेळी वाफेचं थेंबभर पाणी आत पडलं आणि सगळं चॉकलेट घट्ट, रवाळ होऊन बसलं. आप्पा त्या गोळ्याकडे बघत म्हणाले, "लोखंडात पाणी पडलं तर फुटतंय. ह्यात पडलं तर रुसतंय." दुसऱ्या खेपेला वड्या जमल्या, पण वर पांढुरकी बुरशी आल्यागत दिसायला लागलं. "गार करताना घाई झाली," ते म्हणाले. त्यानंतर ते वाडग्यावर तळहात धरून बसू लागले. निवत आलेलं चॉकलेट हलवत राहायचे, पुन्हा जरा ऊब द्यायचे. मी चुळबुळ केली की म्हणायचे, "निधान गं, निधान." सावकाश, असा अर्थ असलेला हा कानडी शब्द फौंड्रीतल्या जोडीदारांनी त्यांच्या तोंडी बसवला होता.

साचा म्हणून त्यांनी आप्प्यांचा तवा काढला. प्रत्येक खळग्याच्या तळाशी चमचाभर ओतायचं. निघणारा बिल्ला मधे फुगीर, कडेला पातळ, कुठेही कोपरा नसलेला. तवा पालथा केला की बिल्ले आपोआप पडले पाहिजेत, ही त्यांची अट. "ठोकून काढावं लागलं तर चूक आपली, मालाची न्हाय."

थोरली आई रोज तेवढं खाऊ लागली आणि त्यापाठोपाठ पेजही घेऊ लागली. मग आप्पांच्या मनात आलं की बिल्ल्यात कुंदा भरायचा, साय घालून लोण्यासारखा घोटून. कुंदा कसा करायचा हे सांगणारी समोर होती, पण मुकी. त्यांनी तिची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात आणली. आच जास्त झाली की ती डाव्या हातानं खुर्चीवर थापटी मारायची. दोनतीनदा कुंदा बिघडला. एका रविवारी आप्पा उलथनं थांबवून माझ्याशी कशावरून तरी बोलत होते, तोच मागून आवाज आला, "करपलं!"

आम्ही दोघं वळलो. थोरल्या आईलाच आश्चर्य वाटलं होतं. आप्पांनी उलथनं खाली ठेवलं आणि तिच्यासमोर जमिनीवरच बसले. "आणि एकडाव म्हण," म्हणाले. "आगं म्हण की." तो करपट कुंदा त्यांनी वाट्यांत घालून गल्लीत घरोघरी वाटला. चव कशी आहे हे कुणी बोललं नाही.

त्यानंतर ती वर्षाहून जास्त जगली. थोडे शब्द परत आले, बरेचसे आप्पांना रागावायचे. दुसरा झटका मात्र तिला घेऊन गेला. दिवसकार्य झाल्यावर आप्पांनी तवा घासून फळीवर ठेवला. नातेवाईक म्हणाले, एवढं शिकलाय तर घरबसल्या विकायला सुरू करा. "इकायला शिकलो न्हाय," ते म्हणाले आणि विषय तिथेच संपला.

निपाणीची सुनीता माझ्या ऑफिसात होती. तिच्या वडिलांनी तंबाखूच्या वखारींत पोती वाहून तिला शिकवलं होतं. त्यांनाही अर्धांगवायू झाला, वाचा गेली आणि तेही घास नाकारू लागले. घरी जेवताना मी हे आप्पांना सहज सांगितलं. रविवारी सकाळी पिशवीत तवा घालून ते तयार होते. "निपाणीची गाडी कवा हाय?"

सुनीताच्या घरी बुद्धाच्या मूर्तीसमोर फुलं होती आणि बाजूच्या खाटेवर तिचे वडील भिंतीकडे तोंड करून पडलेले. आप्पा आधी त्यांच्यापाशी बसले. उत्तर येणार नाही हे ठाऊक असूनही त्यांना विचारत राहिले, पोतं पाठीवर घेताना ओझं कुठल्या खांद्यावर धरायचात, वखारीत ठसका कसा सोसायचात. मग स्वयंपाकघरात सुनीताचा तळहात वाडग्यावर धरून ऊब ओळखायला शिकवली. डॉक्टरांना तिनं आधीच विचारून ठेवलं होतं. संध्याकाळी म्हाताऱ्यानं पहिला तुकडा गिळला.

मी निघाले, तर आप्पा म्हणाले, "तू जा फुडं. मी ऱ्हातो." ते आठवडाभर राहिले. पुढे ते वरचेवर निपाणीला जात.

यंदा थंडीत आप्पा अंगणात बसल्या जागी गेले. काही दिवसांनी सुनीताचा फोन आला. "आज बाबा पहिल्यांदा एक वाक्य बोलले," ती म्हणाली. "आप्पा कवा येणार, म्हणून विचारलं. मी अजून त्यांना सांगितलेलं नाही."

रविवारी मी एकटीच गेले. ते उशीला टेकून बसले होते. माझ्यामागे दाराकडे बघत राहिले. मी त्यांचा डावा हात हातात घेतला आणि म्हटलं, "बाबा, आप्पा गेले."

त्यांनी डोळे मिटले. मग एकेक शब्द शोधत, मधेच अडत, पुन्हा सुरुवात करत ते म्हणाले, "लई... माझ्याजवळ... बसला गं त्यो."

ते वाक्य पुरं व्हायला फार वेळ लागला. सुनीता आणि मी, कुणीही ते त्यांच्यासाठी पुरं केलं नाही.