एकच लावणी उरली होती

आमच्या ऑर्केस्ट्रात लावणी म्हणजे मीच, हे चाकणकडच्या गावोगावच्या जत्रांना माहीत होतं. मग लातूरकडची ती पोरगी आली. कंपनीत पॅकिंगला होती, शिफ्ट सुटली की युनिफॉर्मवरच आमच्या गाडीत बसायची. बघता बघता माझी गाणी तिच्याकडे गेली. उगवत्या सूर्याला नमस्कार, दुसरं काय! यंदाच्या जत्रांना माझ्याकडे एकच लावणी उरली होती, आणि मालकांनी तीही टांगणीला लावली. म्हणाले, "ताई, कुरुळीच्या जत्रेत वन्समोअर आला नाही, तर हीसुद्धा तिलाच देऊ."

कुरुळीला स्टेजमागे मी ज्येष्ठमध चघळत बसले होते. इतकी वर्षं झाली तरी गाण्याआधी माझे हात गार पडतात. आणि ही बया लाल चटणी लावून वडापाव खात होती, वर थंडा! मनात म्हटलं, बसू दे हिचा घसा.

"घ्या की ताई अर्धा," ती म्हणाली. "पोटात काही नसलं की माझे पाय लटलट कापतेत."

घसा कसला बसतोय! तिचं गाणं खणखणीत झालं, शिट्ट्या पडल्या. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. लगेच माझी लावणी होती. कीबोर्डवाल्याने तिच्यासाठी चढवलेली पट्टी माझ्यासाठी उतरवायची राहून गेली. पहिल्याच सुराला मला कळलं, हे माझ्या गळ्याच्या वर चाललंय. पण ढोलकी सुरू झाली होती, आणि मध्येच थांबणाऱ्या बाईला जत्रा पुन्हा उभं करत नाही. मी गात राहिले. धृपद कसंबसं निभावलं. अंतऱ्यातली उंच जागा जवळ आली.

तिथे माझा आवाज फाटणार, तेवढ्यात विंगेतून तिने दुसऱ्या माईकवर तो सूर उचलला. अगदी सहज. सगळं मैदान उठलं. "वन्समोअर!"

ज्यासाठी मी देव पाण्यात घालून बसले होते, तो वन्समोअर आला तो असा. माझा नुसता तिळपापड झाला. चूक कीबोर्डवाल्याच्या लक्षात आली होती. पट्टी उतरवू का, असं त्याने खुणेनं विचारलं. उतरवली असती तर लावणी पुन्हा माझी एकटीची झाली असती. पण लोकांना तोच सूर हवा होता, आणि खरं सांगायचं तर मलाही.

"असू दे," मी म्हणाले, आणि तिला पुढे बोलावलं.

अंतऱ्याला तिने तो सूर लावला, तेव्हा मी माझा माईक खाली घेतला. जळत होते, आणि ऐकत होते.