पाट मांडा

"तू तिकडे बस. उंबऱ्याच्या बाहेर. आणि तुझी पत्रावळ तूच उचल."

आमच्या मालकीणबाई, काकू, हे मराठीत बोलल्या. साहेबाला कळू नये म्हणून. साहेब म्हणजे लेबर ऑफिसचा इन्स्पेक्टर. तो वर ओसरीवर खुर्चीत बसून चहा पीत होता आणि खाली चौकात आमची पंगत बघत होता. बाकीच्या बायकांना बसायला पाट होते. मला गोणपाट, तोही मोरीच्या कडेला. काकूंनी माझ्या पुऱ्या हातभर उंचीवरून सोडल्या. एक पत्रावळीत पडली, एक फरशीवर.

भूक नव्हती. पण साहेब जाईपर्यंत खात राहायचं, असा हुकूम होता. मी फरशीवरची पुरी उचलली.

वरून गुरुजींचा, म्हणजे मालकांचा, आवाज आला. माझ्याकडे बोट होतं. "यह भी हमारे उधर की है, महाराष्ट्र की. बेचारी भूखी घूम रही थी."

साहेब म्हणाला, "बड़ा पुण्य का काम है, गुरुजी."

मी भुकेली फिरत नव्हते. पंगत बसायच्या आधी मी त्याच चौकाच्या मागच्या खोलीत चूर्णाच्या डब्या भरत होते. सकाळपासून. हात धुवायला सांगितले म्हणून धुतले होते, तरी नखांतला हिरडा-बेहडा गेला नव्हता. साहेबानं खाली येऊन एकदा आमचे हात बघितले असते तर सगळं कळलं असतं. तो खाली आला नाही. त्याला वरच चहा मिळत होता.

हे घर काशीत, रामघाटाच्या गल्लीत. गुरुजींच्या पूर्वजांनी तिथं अन्नछत्र चालवलं होतं. दक्षिणेकडून येणारे यात्रेकरू, वेद शिकणारी मुलं, सगळी तिथं जेवत म्हणे. नव्वद सालच्या सुमारास मी गेले तेव्हा छत्र कधीचंच बंद पडलं होतं. दारावर पाटी तेवढी होती. आत तीन खोल्यांत चूर्ण दळायचं, चाळायचं, डब्यांत भरायचं काम चालायचं. कारखान्याची पाटी कुठंच नव्हती. लावली असती तर कायदा आत आला असता.

म्हणून ही युक्ती. लेबर ऑफिसचा शिपाई आधीच सांगून जायचा. मग काकू जिन्यातून ओरडायच्या, "पाट मांडा!" दुसऱ्या घरांत हे ऐकलं की माणसाच्या तोंडाला पाणी सुटतं. आम्ही उठून धावत सुटायचो. चक्की बंद. चाळण्या माळ्यावर. डब्यांवर चादर. हात धुवा, पदर घ्या, ओळीनं बसा. आम्ही कामगार नाही, आश्रित. पोटाला मिळतं म्हणून आलेले. एरवी त्या घरात आम्हाला कुणी कपभर चहा विचारला नाही. जेवण मिळायचं ते फक्त आम्हाला खोटं ठरवायला.

या कामावर मला आईनं पाठवलं. बा रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात खलाशी, म्हणजे मदतनीस, होता. लहरताऱ्याला आमची खोली. भिंतीवर निळ्या कोटातला फोटो. बा अंथरुणाला खिळला तेव्हा आई म्हणाली, "रामघाटावर मराठी माणसं आहेत. परक्यांपेक्षा आपल्या भाषेची बरी." भाबडी होती माझी आई. परमुलखात आपली भाषा कानावर पडली की तिला माहेर भेटल्यासारखं वाटायचं.

पहिल्या दिवशी काकूसुद्धा खूश झाल्या. "अगंबाई, मराठी मुलगी! किती साफ बोलतेस!" मग त्यांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मागच्या दाराकडे हात केला. "येताना तिकडून येत जा हं." तेव्हापासून माझ्यासाठी मागचं दार, वेगळा माठ आणि पंगतीत उंबऱ्याबाहेरची जागा. भाषा एक होती. दारं दोन होती.

चार वर्षं मी त्या मागच्या दारानं गेले. मग कानपूरहून डब्या भरायचं मशीन आलं. गुरुजींनी त्याला हार घातला, नारळ फोडला आणि प्रसाद वाटता वाटता आम्हा डब्यांवाल्या बायकांना सांगितलं, "उद्यापासून येऊ नका." एवढंच. ज्या हातानं प्रसाद दिला त्याच हातानं दार दाखवलं.

माझ्या शेजारी बसणारी सुखदेई म्हातारी. नवरा नाही, पोर नाही. ती चौकातच मटकन बसली. "बाबूजी, अब हम कहाँ जाएँ?"

गुरुजी म्हणाले, "काशी में कोई भूखा नहीं सोता, माई. अन्नपूर्णा देख लेगी."

घरी येऊन बाला सांगितलं. तो उशीला टेकून बसला. युनियनच्या सभांना गेलेला माणूस तो. म्हणाला, "असं नाही काढता येत. कामगार ठेवला की मालकानं सरकारला कळवायचं असतं. विम्याच्या ऑफिसात नाव द्यायचं असतं. वर्षभर राबलेल्याला काढायचं तर आधी नोटीस, भरपाई, आणि पुन्हा सरकारला कळवणं. मेहेरबानी नाही ती. कायदा आहे. जा, ऑफिसात जा."

गेले. लेबर ऑफिसात बाकावर दुपार काढली. आत बोलावलं तेव्हा टेबलामागं तोच साहेब. मी सगळं सांगितलं. त्यानं माझ्याकडे निरखून बघितलं आणि हसला.

"अरे, तू तो वही है. जो दरवाज़े के बाहर बैठकर खा रही थी."

मी म्हटलं, "साहब, मैं वहाँ काम करती थी."

"मैंने अपनी आँख से तुझे खाते देखा है. मालिक मज़दूर की ख़बर देगा कि भिखारिन की? भिखारिन को काम से नहीं निकाला जाता. चल, बाहर."

शेजारच्या टेबलावरचा बाबू फिदीफिदी हसला. मी बाहेर आले. पायऱ्यांवर उभी राहिले आणि मला ओकारी आली. चार वर्षं गिळलेलं सगळं वर आलं. मला वाटत होतं, त्या पंगतीत फक्त माझी जात दाखवतात. नाही. तिथं माझे कष्ट पुसत होते. माझ्याच तोंडून पुसत होते, घासागणिक. माझ्या हातांनी भरलेल्या डब्या अख्ख्या शहरात विकल्या जात होत्या, आणि सरकारदरबारी मी जन्मात काही काम केलेलंच नव्हतं. मी होते ती फक्त जेवणारी. त्या दिवशी मला राग आला. खरा राग. तो अजून उतरलेला नाही, आणि उतरू नये अशी माझी इच्छा आहे.

बाच्या युनियनवाल्यानं अर्ज करून दिला. इन्स्पेक्टरच्या डोक्यावरून, वरच्या साहेबाकडे. उत्तर आलं नाही. पण एका सकाळी सुखदेई लहरताऱ्यापर्यंत चालत आली. धापा टाकत म्हणाली, "चल बिटिया, गुरुजी सबको बुलाए हैं. बड़का साहब आ रहा है. आज बैठकर खा लो, कल से काम पर रख लेंगे."

मला हसू आलं. अर्ज माझा, चौकशी माझ्या अर्जाची, आणि तो अर्ज खोटा पाडायला पंगतीत बसायचं तेही मीच. मी लुगडं बदललं आणि निघाले. त्या दिवशी मी पुढच्या दारानं आत गेले. काकूंचं तोंड उघडं राहिलं, पण बड्या साहेबाची गाडी गल्लीच्या तोंडाशी आली होती. बोलायला वेळ नव्हता.

पाट मांडलेले होते. मी आतल्या ओळीत, सुखदेईशेजारच्या पाटावर बसले. काकू वाढत आल्या. पुरी, कोहळ्याची भाजी, बुंदी. या वेळी बुंदीसुद्धा. माझ्यापाशी आल्या तशी मी पत्रावळीवर हात आडवा धरला.

"नको."

"अगं, घे."

"नको म्हटलं ना."

बडा साहेब ओसरीवर उभा होता. जुना इन्स्पेक्टर त्याच्या मागं. गुरुजी लगबगीनं पायऱ्या उतरून माझ्याजवळ आले, वाकले. तोंडावर हसू, आवाज मऊ. आणि मराठीत. "बाळ, आपल्या माणसांत तमाशा नको. दोन घास खा. उद्यापासून कामावर ये. इथंच, आतल्या पंगतीत बसत जा. कुणी काही म्हणणार नाही."

बाळ. चार वर्षांत पहिल्यांदा. आपली माणसं. तेही पहिल्यांदा. ज्या भाषेत मला उंबऱ्याबाहेर बसवलं, त्याच भाषेत आता आत घेत होते. किंमत एवढीच की मी माझ्या हातांना खोटं म्हणायचं.

सुखदेई मान खाली घालून खात होती. तिनं कोपरानं मला ढोसलं. "खा ले, नखरा मत कर. पेट देख." तिच्यावर मला राग आला नाही. तिच्या पोटावरच तर त्यांची सगळी मदार होती.

मी उभी राहिले. गुरुजींनी मराठीत विचारलं होतं, मी हिंदीत उत्तर दिलं. ओसरीपर्यंत जाईल अशा आवाजात.

"साहब, मैं यहाँ खाने नहीं आती थी. मैं यहाँ मज़दूर थी. हम सब मज़दूर हैं. वह चादर हटवाइए, नीचे डिब्बे हैं. पीछे के कमरे में मशीन है."

गुरुजींच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं आणि आतला माणूस दिसला. दात खाऊन म्हणाले, "शेवटी जातीवर गेलीस."

"हो, गेले," मी म्हटलं. तेवढं मात्र मराठीत. ते त्यांच्यासाठी होतं.

बड्या साहेबानं विचारलं, "नाम क्या है तुम्हारा?" मी नाव सांगितलं. आडनावासकट, मोठ्यानं. पत्रावळ तशीच ठेवली. उचलली नाही. पुढच्याच दारानं बाहेर पडले.

निकाल काय लागला म्हणाल, तर केस उभी राहिली आणि नुसत्या तारखा लागल्या. गुरुजींना वकील होता, अन्नछत्राची पाटी होती, पूर्वजांचं पुण्य होतं. पंगतीत खात राहिलेल्या बायकांनाही दुसऱ्या दिवशी कुणी कामावर घेतलं नाही. सुखदेई आता दशाश्वमेधला खऱ्या भिकाऱ्यांच्या ओळीत बसते. ती दिसली की माझ्या अंगाची आग होते. अन्नपूर्णेनं बघितलं असेल तर मला ते दिसलेलं नाही.

मी आता साड्यांच्या घड्या घालण्याच्या कामावर आहे, दुसऱ्या मालकाकडे. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "पहले खाना खा लो, बहन." मी म्हटलं, "पहले मेरा नाम भेजिए." विम्याच्या ऑफिसात नाव गेल्याचं कळेपर्यंत मी त्याच्याकडचं पाणीसुद्धा प्यायले नाही. बायका म्हणाल्या, ही फार माजोरी आहे. आहेच.

काशीत कुणी उपाशी झोपत नाही म्हणतात. मी झोपले आहे. वेळ आली तर पुन्हा झोपेन. पण माझ्या कामाला दान म्हणणाऱ्याचा घास माझ्या तोंडात जाणार नाही. आणि अशी पंगत पुन्हा कुठं मांडलेली दिसली, तर मी नुसती उठून जाणार नाही. अख्खी पंगत उठवीन.