पढवलेले साक्षीदार

बावीस वर्षं मी कोर्टात साक्षी टाइप करते आहे. त्यातून एक गोष्ट पक्की कळते. तीन साक्षीदारांनी शब्दाला शब्द सारखंच सांगितलं, तर ते पढवलेले असतात. खऱ्या माणसांच्या सांगण्यात फरक पडतोच. एकाला दार आठवतं, दुसऱ्याला कुत्रं.

हेच मी चर्चमध्ये दृढीकरणाच्या वर्गात शिकवायचे. दृढीकरणाला चौदा-पंधरा वर्षांची मुलं मंडळीसमोर उभी राहून आपला विश्वास स्वतःच्या तोंडानं कबूल करतात. त्याआधी सहा महिने त्यांची तयारी माझ्याकडे. मी सांगायचे, प्रभू मेलेल्यांतून उठला त्या रिकाम्या कबरेची हकिकत बायबलातल्या चार शुभवर्तमानांत चार तऱ्हेनं येते. बायका किती गेल्या, देवदूत एक की दोन, जुळत नाही. पण कबर रिकामी होती, यावर चौघंही ठाम. आणि पहिल्या साक्षीदार बायका! त्या काळी बायकांच्या साक्षीला कोण विचारत होतं? रचून सांगणाऱ्यानं पुरुष उभे केले असते. "तपासा, मग माना," हे माझं ठरलेलं वाक्य.

यंदा वर्गात माझी मुलगी होती.

रविवारी दृढीकरण. शुक्रवारी मुकुंदवाडीच्या टेलरकडून तिचा पांढरा ड्रेस आणला. जालन्याचे पाहुणे निघाले होते. मेथी निवडता निवडता ती म्हणाली, "आई, मी उभी राहणार नाही."

"का?"

"आम्ही बारा जण. बिशपसाहेब विचारणार, आम्ही एका सुरात प्रश्नोत्तरीतलं पाठ केलेलं म्हणणार. कोर्टात याला तू काय म्हणतेस?"

सासूबाई पलंगावरून हसल्या. "घ्या! साक्षीदार फितूर झाला की वं तुझा." मग नातीकडे वळून, "गप उभी राह्य. आम्ही काय तपासून उभ्या राह्यलो व्हतो व्हय?"

मी विचारलं, "तुझा विश्वास नाही का?"

"कबरेचं पटतंय. बाकीचं तपासतेय अजून. तूच म्हणालीस ना."

जबरदस्ती केली असती तर ती उभी राहिली असती. पण मग सहा महिने मी शिकवलं ते काय होतं? आणि नाही केली, तर शिकवणारीचीच मुलगी सगळ्यांसमोर बसून राहणार.

शनिवारी चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेले. म्हटलं, तिला पटलंय तेवढं तिच्या शब्दांत बोलू द्या.

"बाई, उपासनेचा क्रम ठरलेला आहे. सगळं कबूल असेल तर उद्या, नाहीतर पुढच्या वर्षी. आणि पोरांना एवढं खोदायला शिकवलं कुणी?"

घरी येऊन तिला सांगितलं, "बसून राहा." ड्रेस कपाटात ठेवला. सासूबाईंनी बोलणं बंद केलं.

रविवारी बाकावर एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला मुलगी, मधे मी. मागं कुजबुज चालू होती. पुढं अकरा मुलं एका सुरात उत्तरं देत होती. कबरेबद्दल माझं मत बदललेलं नाही. त्या बायकांची साक्ष मला आजही खरी वाटते. पण चौथ्या उत्तराला मुलगी माझ्या तोंडाकडे बघताना दिसली. माझे ओठ हलत होते, मुलांच्या शब्दाला शब्द.

मी तोंड मिटलं. अजून नऊ प्रश्न बाकी होते, आणि उठून जायला दोन्ही बाजूंनी वाट नव्हती.