काना-मात्रा तुमच्या, माणूस माझा

पासपोर्ट साइजचा फोटो काढायला गेलेला माणूस डोळे पुसत बाहेर येतो, असं फोटोचं दुकान जगाच्या पाठीवर एकच असेल, आणि ते लातुरात, गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत, आमच्या फोटोवाल्या चाचांचं होतं. बाकीच्या दुकानांत गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवतात, हनुवटी धरून मान सरळ करतात, हसा म्हणतात आणि चहा निवायच्या आत पाकीट हातात ठेवतात. चाचांकडे आधी चहाच येई. मग गाव कुठलं, घरी कोण कोण, सगळ्यांत जास्त कोण आठवतं, अशी निवांत चौकशी सुरू होई. बोलता बोलता माणूस कधीतरी मान वर करून चाचांकडे नीट बघे, आणि मगच ते बटण दाबत. क्लासच्या भरभराटीचे दिवस होते. कंधारहून, नायगावहून, उदगीरहून डॉक्टर व्हायला आलेली पोरं अर्जाला फोटो पाहिजे म्हणून घाईघाईने शिरत, आणि चाचा त्यांना मायेनं विचारत, घरून निघताना आई कुठवर आली होती, उंबऱ्यापर्यंत का एसटीपर्यंत? पोरगं तिथंच पाघळायचं. त्या काळातले लातूरचे प्रवेशअर्ज कुणी उघडून पाहिले तर निम्मी मुलं नुकतीच घरची आठवण झाल्यासारखी दिसतील. एका मुलीचा अर्ज, फोटोत डोळ्यांत पाणी आहे म्हणून परत आला होता. चाचांना त्याचं काही वाटलं नाही. अर्जात चूक असेल, फोटो बरोबर आहे, असं म्हणून त्यांनी तिला दुसऱ्या दुकानाचा पत्ता दिला.

मी त्याच गावात अकरावी-बारावीला मराठी शिकवत होते. जिथं पहाटेपासून भौतिकशास्त्राचे क्लास भरतात, तिथं मराठीच्या बाईइतकं रिकामं माणूस शोधूनही सापडत नाही. माझ्या तासाला मुलं यायची, पण मराठीच्या पुस्तकाआड जीवशास्त्राचं पुस्तक उघडून बसायची. माझा हा रिकामपणा चाचांनी पहिल्या भेटीतच हेरला. ओळखपत्राच्या फोटोसाठी गेले होते. चहा संपायच्या आत त्यांनी माझ्यापुढे कागदांचा गठ्ठा ठेवला आणि चष्मा लावून समोर बसले. प्रदर्शन भरवायचं होतं त्यांना. आपल्याकडे माणसाचा मोठा फोटो निघतो तो माणूस गेल्यावर, जिवंतपणी सगळा कारभार पासपोर्ट साइजवर, ही त्यांची तक्रार होती. म्हणून त्यांनी गावातली साधी, हिंडती-फिरती माणसं काळ्या-पांढऱ्या फोटोत दारभर मोठी करायचं ठरवलं होतं, आणि फोटोला तोंड असून तो बोलत नाही म्हणून प्रत्येकाखाली त्या माणसाचं मनोगत स्वतः लिहिलं होतं. त्या माणसाला न विचारता, हे सांगायला नको. चाचा उर्दू शाळेत शिकलेले, मराठी सगळं गिऱ्हाइकांच्या तोंडून उचललेलं. त्यामुळे लिखाण कुठे फारच गोड आणि कुठे अगदीच आडवंतिडवं. मी सवयीने लाल पेन काढून एक अख्खं वाक्य बदललं, तर त्यांनी माझा हातच धरला. म्हणाले, “मॅडम, काना-मात्रा तुमच्या, माणूस माझा.” त्यानंतर कित्येक महिने मी त्यांच्या काना-मात्रा सांभाळल्या आणि माणसांच्या बाबतीत रोज भांडले.

फोटोग्राफर म्हणून त्यांची कीर्ती म्हणाल तर लग्नाच्या हंगामात लोक त्यांना बोलावत आणि शिवाय दुसरा फोटोवालाही बोलावत. चाचा स्टेजकडे फिरकतच नसत. भूकंपाच्या आधी कधीतरी उदगीरच्या एका मोठ्या अडत्याच्या घरचं लग्न त्यांनी केलं, त्या अल्बममध्ये नवरा-नवरी जेमतेम एकदा, तेही पाठमोरे. बाकी मांडवाच्या कोपऱ्यात पगडी मांडीवर ठेवून बसलेला नवरीचा बाप, घोरणारी मावशी, आणि सगळे जेवून गेल्यावर एकटाच जिलेबी खाणारा आचारी. अडत्याने अल्बम तोंडावर फेकायचं तेवढं बाकी ठेवलं. पुढे काही वर्षांनी तोच माणूस दुकानात आला आणि पगडी मांडीवर घेतलेल्या आपल्याच त्या फोटोची आणखी एक प्रत मागून घेऊन गेला, कारण सासरी गेलेली पोरगी तोच फोटो मागत होती. चाचा अशा वेळी विजयी मुद्रा करत नसत. ते फक्त माझ्याकडे बघून मिशीवरून हात फिरवत, आणि ते जास्त चिडवणारं होतं.

प्रदर्शनातल्या माणसांनी त्यांना कमी छळलं नाही. क्लासच्या पोरांची मेस चालवणाऱ्या काकूंच्या फोटोखाली चाचांनी लिहिलं होतं, ‘परीक्षेच्या आदल्या दिवशी मी आमटीत तिखट टाकत नाही. पोरं म्हणतात काकू चुकल्या. मी म्हणू देते.’ काकूंचं म्हणणं, यात आमच्या मेसची बदनामी आहे, त्यापेक्षा चार भाज्या मिळतात असं लिहा. एका मोठ्या क्लासचे संचालक सर तर लातूरच्या प्रत्येक चौकात फ्लेक्सवर हात जोडून उभे असलेले गृहस्थ. त्यांच्या खाली लिहिलं होतं की रोज पहाटे गच्चीवर जाऊन ते होस्टेलच्या खिडक्यांकडे बघतात आणि कोण जागं आहे यापेक्षा कुणी रडत नाही ना, याची काळजी करतात. सरांनी आपला हॉल देऊ केला होता, पण मनोगत काढून तिथं क्लासचा फोन नंबर आणि शुभेच्छुकांची नावं घालायची अट घातली. चाचांनी हॉल सोडला, अक्षर सोडलं नाही. मग मनोगतावर रुसलेल्या काकूंनीच आपली मेस दिली. परीक्षा संपून पोरं गावी गेली होती आणि मेसमध्ये नुसता फोडणीचा वास उरला होता.

एवढा हट्ट कशासाठी, हे मला उशिरा कळलं. भूकंपानंतरच्या महिन्यांत चाचांच्या दुकानापुढे रांग लागायची, पण फोटो काढायला नव्हे. घरांबरोबर घरांतले फोटोही मातीत गेले होते, आणि या माणसाने आपल्या गावात कधीतरी लग्नाचे फोटो काढले होते एवढं आठवून लोक येत. चाचा जुन्या निगेटिव्ह उजेडापुढे धरत, वऱ्हाडातून एकेक तोंड शोधत आणि मोठं करून देत. औशाकडच्या एका गावचे अण्णा असेच भूकंपात गेलेल्या बायकोचा फोटो शोधत आले. ती एका फोटोत होती. पण ऐन वेळी मागे राहिलेल्या पोराला हाक मारायला वळली होती, त्यामुळे दिसत होता तो फक्त पदर आणि बांगड्यांचा हात. ते पोरगं मामाकडे होतं म्हणून पुढे वाचलं. ही हकिकत सांगताना चाचा दर वेळी एकाच ठिकाणी अडत. “सगळे फोटोवाले एक-दो-तीन म्हणतात, मॅडम. मी म्हणत नव्हतो. न सांगता काढायची मला लई हौस. तीन म्हणलो असतो तर तिनं इकडं बघितलं असतं का न्हाई?” तेव्हापासून माणूस आपण होऊन वर बघेपर्यंत ते बटणाला हात लावत नसत.

अण्णा चिडले नाहीत. बाजाराला आले की दुकानात येत, चहा घेत, आणि बायकोबद्दल काही ना काही सांगून जात. फोटो देता आला नाही म्हणून चाचा ते लिहू लागले. त्यांच्या लेखनाचा उगम हा. बाकीची सगळी माणसं नंतर आली. प्रदर्शनात अण्णांच्या बायकोची जागा होती, पण तिथे फोटो नव्हता, कोरी चौकट होती. खाली लिहिलं होतं, ‘मी ह्या फोटोत नाही. पोरगं मागं राहिलं म्हणून वळले होते. तुम्ही बसा सगळे. थांबा, आलेच.’ कोरी चौकट बघून लोक हसतील, निदान एखाद्या चित्रकाराकडून चेहरा काढून घ्या, असं मी परोपरीने सांगितलं. चित्रकाराला ती कुठं दिसली होती, एवढंच ते म्हणाले. मग कागद आवरता आवरता हळूच म्हणाले, “सगळ्या प्रदर्शनाला गिऱ्हाईक एकच हाय. अण्णा. त्यानं हीच ती म्हणलं की झालं. बाकीचे आपले शोभेला.” त्या दिवसापासून मलाही अण्णांची धास्ती वाटायला लागली.

मोठ्या छपाईचं काम नांदेडला दिलं होतं. तिथं चाचांच्या भाच्याचं फ्लेक्सचं दुकान होतं, वाढदिवस आणि श्रद्धांजली या दोन विषयांवर त्याचा संसार चालायचा. गुंडाळ्या एसटीने उद्घाटनाच्या सकाळी आल्या. आम्ही पहिली उलगडली. त्यात काकू होत्या, गळ्यात झेंडूचा भरघोस हार, पायाशी समई, आणि खाली ठळक अक्षरांत भावपूर्ण श्रद्धांजली. दुसरी उलगडली, सर गेलेले. तिसरी, चौथी, सगळेच गेलेले. काकू पळी घेऊन बाहेर आल्या, स्वतःकडे बघून क्षणभर थबकल्या आणि म्हणाल्या, अजून दुपारचा स्वयंपाक व्हायचाय माझा. चाचांनी भाच्याला फोन लावला. तो उलट हळवा झाला होता. “मामू, काळा-पांढरा फोटो, अन् खाली एवढं चांगलं लिहिलेलं. जित्या माणसाबद्दल असं कोण लिहितंय? लातूरचं म्हणल्यावर मी समजलो भूकंपातले लोक हायत. हार माझ्याकडून.” जिवंत माणसं मोठी करायला निघालेल्या आमच्या चाचांनी अख्खं लातूर एकाच सकाळी वर पोचवलं होतं. ते मटकन बाकावर बसले आणि प्रदर्शन रद्द म्हणाले.

रद्द होऊ दिलं नाही ते काकूंनी. त्यांनी कणकेची खळ शिजवली, आम्ही पोरांनी टाकून दिलेल्या सराव-प्रश्नपत्रिका आणल्या आणि श्रद्धांजलीवर त्यांची कोरी बाजू चिकटवली. हार मात्र छातीवरून गेलेले, ते झाकायचे तर माणूसच झाकला जात होता. ते राहिले. हळूहळू लोक यायला लागले. प्रत्येक जण आपल्या फोटोपुढे आला की आधी दचके, मग इकडेतिकडे बघे आणि मग खाली लिहिलेलं वाचू लागे. सर तावातावाने आले होते. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला, गच्चीची गोष्ट चाचांना कुणी सांगितली असं मला दबक्या आवाजात विचारलं, आणि हार असू द्या, शोभतोय, असं म्हणून काकूंची आमटी चाखायला गेले. चाचा यातलं काही बघतच नव्हते. ते दाराकडे तोंड करून उभे होते, आणि दुपार उलटली तरी अण्णांचा पत्ता नव्हता.

अण्णा आले ते धोतर-टोपीत, हातात पिशवी घेऊन. आम्ही आडवे जायच्या आत ते पहिल्या फोटोपुढे गेले, वहाण काढली आणि भक्तिभावाने हात जोडले. मग दुसऱ्यापुढे. मग तिसऱ्यापुढे. काकूंच्या फोटोला नमस्कार करून वळले, तर समोर साक्षात काकू पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या. म्हातारा एक पाऊल मागेच सरला. एरवी आम्ही पोट धरून हसलो असतो, पण आता पुढची कोरी चौकट होती. अण्णा चौकटीपुढे गेले. लिहिलेल्या ओळींवरून बोट फिरवत त्यांनी सावकाश, ओठ हलवत वाचलं. परत वाचलं. मग सगळ्या भिंतींवरून एकदा नजर फिरवली.

“चाचा, एवढ्या लोकायला हार घातलाव. हिलाच न्हाई घातला.”

चाचांनी तोंड उघडलं. फोटो यायचा बाकी आहे असं समजून भाच्याने ती जागा तशीच सोडली होती, हार घालायला गळाच नव्हता, हे सगळं ते सांगणार होते. पण अण्णा चौकटीकडेच बघत होते.

“बरं केलंव,” ते म्हणाले. “अशीच होती ती. आलेच म्हणायची, अन् मग घटकाभर पत्ता नसायचा.”

चाचांनी अण्णांच्या हातातली पिशवी घेतली आणि बाक पुढे ओढला. दोघं त्या चौकटीसमोर बसले, काकूंनी ताटं आणून ठेवली, आणि सगळं प्रदर्शन मागे गजबजलेलं असताना ते दोघं शांतपणे जेवले.

चौकट अण्णा घेऊन गेले. चाचा आता नांदेडला मुलीकडे असतात, आणि त्यांच्या दुकानाच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. लातुरात हल्ली फोटो फार पटकन निघतो. मागच्या महिन्यात मीही एक काढून आणला. कुणी चहा विचारला नाही, गाव विचारलं नाही, आणि घरी येऊन पाहिलं तर फोटो अगदी नियमात बसणारा होता. मला चाचांची फार आठवण झाली.