पाणीवाल्याच्या बायकोची झाडं

त्यांचं खरं नाव फारसं कुणाला माहीत नव्हतं. तेहतीस वर्षं त्यांनी शहराच्या एका अख्ख्या भागाला पाणी सोडलं, म्हणून ते पाणीवाले काका. छातीपर्यंत येणारी लोखंडी चावी खांद्यावर टाकून ते सकाळी निघायचे. रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी आत घालायची आणि वेढे मोजत व्हॉल्व्ह फिरवायचा. कुठल्या गल्लीतला व्हॉल्व्ह अडेलतट्टू आहे, कुठला शेवटच्या वेढ्याला कुरकुरतो, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. घरातलं मात्र विचारू नका. ते खातं बायकोचं.

घरामागे भिंतीलगत दोन हात रुंदीचा एक पट्टा होता. खडीच जास्त, माती नावाला. बायकोने तिथे सक्युलंट लावली होती, जाड मांसल पानांची, ऊन पडो की थंडी, हूं की चूं न करणारी झाडं. काही गुलाबासारखी मिटलेली, काही बोटांसारखी, काही नुसतीच गुबगुबीत. तिने त्यांना नावं ठेवली होती, दोन्ही अर्थांनी. नकटी, ताईसाहेब, रुसूबाई.

"पाणीवाल्याच्या घरात बिनपाण्याची झाडं! लोक काय म्हणतील?" काका चेष्टेने म्हणायचे.

"म्हणू देत. घरात कुणीतरी पाणी पाणी न करणारं हवंच."

काका निवृत्त झाले आणि पाचच महिन्यांत ती गेली. दोन दिवस ताप काय आला, तिसऱ्या दिवशी सगळं आटोपलं. लेक येऊन पंधरा दिवस राहिली. निघताना दारात थबकून म्हणाली, "बाबा, आईच्या झाडांकडे बघा हं."

बाबांनी बघितलं. सकाळ-संध्याकाळ बघितलं, झारी भरभरून. त्यांना दुसरं येत तरी काय होतं? पाणी घालता घालता ते गेलेल्या बायकोशी बोलायचे, आज भाजी खारट झाली, गॅसवाला आलाच नाही, असलं काहीबाही. तीन आठवड्यांनी नकटीची पानं काचेसारखी पारदर्शक झाली. बोट लावलं की गळून पडायची. पाणी कमी पडतंय, असं समजून काकांनी एक झारी वाढवली. महिन्याभरात अर्ध्याहून जास्त पट्टा काळा पडला. ताईसाहेबांना जरा हात लावला, तर त्या मुळासकट अलगद वर आल्या. खाली नुसता चिखल आणि कुबट वास.

काका तिथेच पायरीवर बसले. बायको गेली तेव्हा आल्यागेल्याचं करताना रडायला सवड झाली नव्हती. ती आता झाली.

दुसऱ्या दिवशी धाकटी मेहुणी आली. तिच्या जिभेला हाड नाही. पट्टा बघताच कपाळाला हात लावून म्हणाली, "भाऊजी, बुडवून मारलंत हो यांना! ही झाडं पानातच पाणी साठवतात. पान सुरकुतलं तर द्यायचं, नाहीतर त्यांच्या वाटेला जायचं नाही."

"आता काय करू?"

"ताईने निम्म्या गावाला यांची पिल्लं वाटलीत. जा, मागून आणा."

"मागून?"

"मग काय, चोरून?"

काका निघाले. त्या रस्त्यांवर त्यांचं आयुष्य गेलं होतं, पण नजर कायम जमिनीवरच्या झाकणांवर. मान वर करून कुणाच्या खिडकीत काय आहे, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं, तर चष्मेवाल्याच्या काचेमागे, कान तुटलेल्या कपात, नकटी ऐटीत बसलेली.

"वहिनींनीच दिली," चष्मेवाला पिल्लू सोडवता सोडवता म्हणाला. "दुपारी बाराला तुम्ही हा समोरचा व्हॉल्व्ह बंद करायला यायचात ना? त्या कधीमधी आत बसून बघत असायच्या. मी म्हणायचो, हाक मारू का? तर म्हणायच्या, नको, त्यांचं मोजणं चुकेल."

काकांनी समोरच्या झाकणाकडे पाहिलं. मग स्वतःचा चष्मा काढून उगाच पुसत राहिले.

रुसूबाई सापडली शिवणवाल्या मावशींकडे. त्यांच्या दाराची अख्खी पायरी तिने व्यापली होती. मावशींनी कात्रीने चार तुकडे कापले. "लगेच लावू नका. तीन-चार दिवस सावलीत ठेवा, कापलेली जागा सुकू द्या. ओल्या जखमेला माती लागली की सडतं." आणि एकदम हसायला लागल्या. "तुमची नक्कल काय झकास करायच्या हो त्या! खांद्यावर चावी असल्यागत मान वाकडी करून असं चालून दाखवायच्या, की मला मशीन थांबवावं लागायचं."

"ती? नक्कल?"

"म्हणजे तुम्हाला कधी दाखवली नाही?"

चाळीस वर्षांच्या संसारात नाही. काका वाटभर आठवून बघत होते, पण त्यांना ती आठवायची ती पोळपाटाशी, दोरीवरचे कपडे काढताना, नाहीतर पट्ट्यात उकिडवी बसलेली. हसवणारी बाई त्या घरात राहत होती आणि ते तिला ओळखत नव्हते.

चार दिवसांत त्यांनी पट्ट्यातला चिखल उपसला. खाली खडी, वर जाड वाळू आणि मूठभर माती, पाणी थांबू नये म्हणून जरासा उतार. झारी माळ्यावर टाकली. हात शिवशिवायचे तेव्हा पट्ट्याकडे न जाता ते सरळ फिरायला बाहेर पडायचे. महिन्याने एका गळालेल्या पानाच्या बुडाशी दोऱ्यासारखं गुलाबी मूळ दिसलं, तेव्हा त्यांनी मेहुणीला फोन करून ओरडून सांगितलं. ताईसाहेब मात्र कुणाकडेच निघाल्या नाहीत. त्यांची जागा काकांनी रिकामीच ठेवली.

दोन वर्षांत पट्टा भरला. सुट्टीत लेक आली, पायरीवर चहा घेत बसली.

"आई माझी नक्कल करायची, तुला माहीत होतं?"

लेक ओशाळली. "सगळ्यांनाच माहीत होतं, बाबा."

"तुला येते?"

तिने आढेवेढे घेतले. मग कप खाली ठेवून उठली, पदर नसतानाही तो खोचल्यासारखं केलं आणि मान तिरकी करून भिंतीपर्यंत जाऊन आली.

काका बराच वेळ हसले, डोळे पुसले. मग म्हणाले, "एवढी काही वाकडी नाही माझी मान."

"आहे," लेक म्हणाली. "आई तर याहून वाकडी करायची."