अण्णांचे कान आणि लाल उजेडाची वायर

होम थिएटर आमच्या तालुक्यापर्यंत पोहोचलं, तेव्हा भोरमध्ये माझं टीव्ही-टेपचं दुकान होतं. पुण्याच्या घाऊक व्यापाऱ्याने मला समजावलं होतं की डीव्हीडी प्लेयरमधून ॲम्प्लिफायरमध्ये आवाज न्यायला दोन वायरी मिळतात. एक तांब्याची, कोॲक्सियल. दुसरी ऑप्टिकल, तिच्या टोकाला लाल उजेड दिसतो आणि तिचा आवाज जास्त स्वच्छ असतो. लाल उजेड मी स्वतः पाहिला, म्हणून पुढचंही खरं धरलं.

आंबवड्याचे अण्णा भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. पखवाजाच्या डाव्या बाजूला ओली कणीक थापतात. ती चिमूटभर कमी-जास्त झाली तरी त्यांना कळायचं. आजूबाजूच्या गावांचे वादक त्यांच्याकडून पखवाज लावून घ्यायचे. बाजाराच्या दिवशी ते होम थिएटर घ्यायला आले. दुकानात गर्दी होती. मी एकच भजन आधी तांब्याच्या वायरीवर लावलं, मग ऑप्टिकलवर.

"मला तर दोनी सारकंच वाटतंय, शेठ."

"नीट ऐका अण्णा. ह्यात टाळ कसे सुटे सुटे येतात."

"टाळ हायेत की. मगाशी बी हुते."

ट्यूबलाइट घ्यायला आलेला एक जण म्हणाला, "लई फरक हाय!" मग बाकीच्यांनाही फरक ऐकू आला. आपल्याला ऐकू येत नाही असं चारचौघांत कोण म्हणणार?

"अण्णा, कान तपासून घ्या," मी म्हणालो. "पखवाजानं खाल्ले तुमचे."

सगळे हसले. अण्णाही हसले आणि ऑप्टिकल वायर घेऊन गेले.

त्यानंतर पखवाज लावताना ते शेजाऱ्याला विचारू लागले, "लागला का?" त्याआधी त्यांनी असं कुणालाच विचारलं नव्हतं. पुढे त्यांनी पखवाज पुतण्याकडे दिला आणि स्वतः टाळ घेतले. पुतण्यानेच मला हे सांगितलं. वय झालं की होतं असं, असं मी त्याला म्हणालो.

मग एकदा शिवऱ्याचं एक जोडपं दुकानात आलं. मी ऑप्टिकलची तारीफ करत होतो. बाई ॲम्प्लिफायरच्या काचेत डोकावून म्हणाल्या, "पण हितं तर कोॲक्सियल लिवलंय." मी पाहिलं. खरंच तसं होतं. मी बराच वेळ तांब्याचीच तारीफ करत होतो.

कंपनीच्या तंत्रज्ञाला विचारलं. तो म्हणाला, दोन्हींतून तेच आकडे जातात, आवाज पुढे ॲम्प्लिफायरमध्ये तयार होतो. वायर खराब असेल तर आवाज तुटेल, नाहीतर फरक नाही. म्हणजे भोरहून आंबवड्याला एसटीने जा किंवा जीपने, उतरणारा माणूस तोच.

अण्णांनी बरोबर ऐकलं होतं. हे कळल्यावरही मी ऑप्टिकल वायरी विकत राहिलो, कारण लोक मागायचे. अण्णांकडे जायला मला पुष्कळ दिवस लागले. ते गोठ्यात होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी म्हशीपुढे वैरण टाकली.

"म्हंजी माजं कान बरं हुतं?"

"बरे होते."

"ह्ये तुमी मला गोठ्यात सांगताय, शेठ. तवा दुकानात चार मान्सांत बोल्लाव. आता मंडळात बोला."

मी हो म्हणालो. चहा घेतला. एकादशीला मंडळाचं भजन असतं, म्हणून देवळात गेलो, शेवटपर्यंत बसलो. भजन संपल्यावर सगळे माझ्याकडे पाहू लागले, कारण शेठ कधी यायचे नाहीत. मी उठलो आणि साबुदाण्याची खिचडी चांगली झाल्याचं सांगितलं. अण्णा टाळ पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

नंतर मी दुकान मुलाकडे दिलं. खरं बोललो तर गिऱ्हाईक तुटेल, ही माझी सबब त्यामुळे गेली. अण्णा अजून टाळच वाजवतात. पुतण्या पखवाज बरा वाजवतो, पण लावायला दुसऱ्या गावी नेतो.

येत्या एकादशीला हे लिखाण मी देवळात मंडळापुढे वाचणार आहे. मधेच माझा आवाज बसला तर शेजारच्याने पुढे वाचावं, म्हणून अक्षर मोठं काढलं आहे.